तीनशे घोडे आणि दोन क्रेट संत्री

सिल्लेवानी घाटात मी एकदा तीनशे अश्वशक्तीची गाडी चालवली आहे. एकूण अडीच वळणं.

घाटात वळणं पुष्कळ आहेत, पण माझ्या वाट्याला तेवढीच आली. उरलेली मी कशी पार केली हे सांगायची मला फारशी हौस नाही. पण आमच्या पांढुर्ण्यात ती हकीकत माझ्याआधीच सगळीकडे पोचली आहे, आणि लोक ती चुकीची सांगतात (माकडं सहा होती, बाजारात आता ती चाळीस झाली आहेत). म्हणून एकदाची मीच सांगून टाकतो.

मी शाळेत फिजिक्स शिकवतो आणि मला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीवर टेकलो की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. जेवताना हलतो, पेपर तपासताना हलतो, तेराव्याच्या पंगतीतही हलतो. लग्नात अंतरपाटामागंही तो इतका हलत होता, की सासऱ्यांना वाटलं, पोरगा घाबरून थरथरतोय, आणि त्यांनी कुणालातरी माझ्यासाठी लिंबूपाणी आणायला पिटाळलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, सव्वीस वर्षं झाली तो पाय पाहते आहे. ती आता काही म्हणत नाही, फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवते.

या धांदरटपणाची मला एकदाच खरी शिक्षा झाली होती. माझी धाकटी बहीण शोभा छिंदवाड्याला असते. तिला दोन मुली. थोरलीच्या लग्नात वधूला हाताला धरून मांडवात न्यायचा मान माझा, मामाचा. मी पांढुर्ण्याहून वेळेत निघालो होतो. पण सौंसरला टायरची हवा पाहिली, रामाकोन्याला परत पाहिली, आणि घाटाच्या पायथ्याशी मला वाटलं, रामाकोन्याच्या माणसानं जास्त भरली, म्हणून थोडी काढली. पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपून पंगत बसली होती. मुलीला मांडवात शेजारच्या एका बँकेतल्या गृहस्थांनी आणलं होतं. शोभा भांडली नाही. "जेवून घे, दादा," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. 

आता धाकटीचं, मृणालचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आमच्या घराण्यात साक्षगंधाला मुलीला पहिलं कुंकू मामा लावतो, तिच्या हातात नारळ देतो, आणि मगच पुढचं सगळं सुरू होतं. मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. आठवडाभर आधी मृणालचा फोन आला.

"मामा, या वेळी तरी टायमावर येजो. आई काही बोलून नाई राहिली, पण सारखी तुझंच नाव काढून राहिली."

मी तिला शब्द दिला. आणि साक्षगंधाच्या आदल्या दिवशी नागपूरहून माझा साळा राजू गाडी घेऊन आला.

राजूचं नागपुरात टाइल्सचं दुकान आहे आणि त्याला दर दोन वर्षांनी काहीतरी होतं. मागं घोड्याचं झालं होतं, त्याआधी कबुतरांचं. या वेळी त्यानं सेकंडहॅन्ड स्पोर्ट्स कार घेतली होती. लालभडक, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून ती दिसतच नव्हती. नुसता आवाज येत होता. बेबीकाकू, म्हणजे माझी चुलती, ओसरीतून म्हणाली, "कोनाची पिठाची चक्की आली वो?"

"भाऊजी, पावर पाहा पावर," राजू म्हणाला. "तीनशे घोडे हाय इच्यात."

इथं मी गप्प बसलो असतो तर हा लेखच झाला नसता. पण फिजिक्सचा माणूस.

"घोडे टांग्याले लागते, राजू," मी म्हणालो. "वळणाच्या रस्त्यावर पावरचं काही काम नाही. तिथं लागते हॅन्डलिंग. वजन कुठं हाय, चाकाची पकड किती हाय, स्टेअरिंग कोनाच्या हातात हाय, यावर सगळं. नाही तं वळणावर तुझे तीनशे घोडे सरळ निघून जातीन आन् तू त्यायच्या मांगं."

(केंद्रोत्सारी बलाची आकृतीही मी अंगणात खडूनं काढून दाखवली. ती अजून पुसलेली नाही.)

"मंग तुम्हीच चालवा ना उद्या," राजू म्हणाला. "माही पाठ तशीबी धरली हाय इच्यात बसून बसून."

"अजी," सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुमी चुपचाप व्हॅनमधी बसा माह्यासंगं. मी सकाळी साडेआठले निघून राहिली."

आमच्याकडं एक म्हातारी व्हॅन आहे. सुनंदा चाळिसाव्या वर्षी ती चालवायला शिकली, माझ्याकडून. म्हणजे मी शेजारी बसून नियम सांगत होतो आणि ती न ऐकता चालवत होती. सगळा घाट ती दुसऱ्या गिअरमध्ये चढते. मी तिला अनेकदा सांगितलं, हा इंजिनाचा अपमान आहे. त्यावर ती म्हणते, इंजिन काही बोललं नाही मला.

"तू नीघ साडेआठले," मी म्हणालो. "आम्ही साडेनऊले निघू आन् तुह्याआधी पोचू."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या पायाकडं पाहिलं. तो हलत होता.

सकाळी साडेआठला व्हॅन गेली. सुनंदा, बेबीकाकू आणि काकूनं गोळा केलेल्या पाच नातेवाईक बाया, शिवाय दह्याचं मोठं गंज, म्हणजे पातेलं. आम्हीही निघालोच असतो, पण मला वजनाची काळजी लागली होती. आमच्या भागात संत्र्याच्या पिकअपवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते: रिकामी गाडी घाटात मागून नाचते. म्हणून रिकामं परतताना ते मागच्या चाकांवर दोन-चार क्रेट ठेवतात. मी तिगावहून चुलतभावाच्या बागेतली दोन क्रेट संत्री मागवली. व्याह्यांना भेटही होईल आणि गाडीला वजनही.

राजूनं मागचं झाकण उघडलं. आत इंजिन.

"डिक्की पुढं हाय भाऊजी," तो म्हणाला. "इंजिन मांगं असते या गाडीत."

एखादा माणूस इथं थांबला असता. मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "म्हणजे मांगं वजन हायच. मंग बॅलन्सले पुढं पाहिजे." (सिद्धांत उलटा झाला, पण संत्री गाडीत जाणार हे कायम राहिलं. विज्ञान असंच पुढं जातं.)

पुढच्या डिक्कीत एक क्रेट बसला. दुसऱ्यातली संत्री आम्ही सुटी ओतली आणि सांदीकोपऱ्यांत कोंबली. झाकण लागेना. राजू त्यावर बसला, तरी खटका काही पडला नाही. मग मी सुतळी आणली आणि झाकण खाली आवळून बांधलं. सुतळीवर आमच्याकडं सगळ्यांचा फार भरवसा आहे. यात साडेनऊचे पावणेदहा झाले आणि माझा पाय जास्तच हलायला लागला. मामाच्या मानाची पिशवी, म्हणजे नारळ, कुंकवाची डबी आणि मृणालची साडी, राजूनं मांडीवर घेतली, आणि आम्ही निघालो.

त्या गाडीत बसणं म्हणजे सतरंजीवर पाय पसरून बसल्यासारखं आहे. शेजारून बैलगाडी गेली की बैल वरून पाहतो. आणि ॲक्सिलरेटर इतका हळवा, की माझा पाय नुसता सवयीनं हलला तरी गाडी उसळ्या मारायची. पांढुर्ण्यातून बाहेर पडेपर्यंत राजूचं डोकं चार वेळा मागं आपटलं.

"भाऊजी, पाय धरा."

"धरून राहिलो ना."

मोकळ्या रस्त्यावर मात्र ती गाडी खरंच उडाली. मला मान्य केलं पाहिजे, पहिल्या दहा मिनिटांत मी हॅन्डलिंग साफ विसरलो. मग पहिला ब्रेकर आला.

एरवी गाडी ब्रेकरवरून गेली असती, थोडी घासत. पण पुढं दोन क्रेट संत्री असल्यामुळं तिचं नाक जमिनीला लागायला आलं होतं. राजू खाली उतरला, रस्त्यावर आडवा झाला, डोळा बारीक करून म्हणाला, "या... या... तिरपे या... थांबा." मी तिरपी घातली. पोटाखालून असा आवाज आला, की राजूनं स्वतःचं पोट धरलं. सौंसरपर्यंत आमच्याकडं गावं बरीच आहेत, आणि दरेक गावाला आपापले ब्रेकर आहेत. दरेक ठिकाणी राजू उतरायचा, आडवा व्हायचा, लोक जमायचे.

एक शेतकरी कापसाची गाडी थांबवून आमच्याकडं पाहत होता. "किती क्विंटल माल बसते इच्यात?" त्यानं विचारलं.

"माल नाही बसत. दोन माणसं," मी म्हणालो.

"मंग एवढी लांब कायले?"

मी गाडी पुढं काढली. घड्याळात दहा वाजून चाळीस झाले होते. शोभाचं "जेवून घे, दादा" कानात वाजत होतं. सौंसर मागं पडलं, सरळ रस्ता लागला, आणि पुढं आमची व्हॅन दिसली. काकूच्या बायांनी चहासाठी तिला दोनदा थांबवलं होतं हे मला नंतर कळलं. मी पाय दाबला. तीनशे घोड्यांनी आम्हाला व्हॅनच्या पुढं असं नेलं, की राजू पिशवीसकट सीटमध्ये रुतला. जाता जाता मी खिडकीतून हात हलवला. बेबीकाकूनं आतून चिवड्याचा डबा वर करून दाखवला. तिला वाटलं, मी नाश्ता मागतोय.

घाट सुरू झाला. पहिलं वळण मी सावकाश, आदर्श घेतलं. आधी वेग कमी, मग स्टेअरिंग, मग हळूच ॲक्सिलरेटर. "पाह्यलं? याले म्हणते हॅन्डलिंग."

"वीसच्या स्पीडनं तं सायकलबी वळते, भाऊजी."

हे त्यानं बोलायला नको होतं. दुसऱ्या वळणावर मी थोडी जास्त दिली. गाडी मागून किंचित सरकली, मग सावरली. छाती फुगली. मला वाटलं, मी उगाच मास्तर झालो. तिसरं वळण समोर आलं, अर्धं घेऊन झालं, आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, अकरा तर वाजून गेले असतील, आपण पोचू ना? मनात एवढंच आलं. पण पायाला तेवढं पुरलं. तो हलला.

गाडी उसळली. मी घाबरून ब्रेक दाबला. डिक्कीतली संत्री सगळी एकदम पुढं आली, सुतळी तुटली, आणि लाल झाकण उभं राहून काचेसमोर भिंत झाली. मला रस्ताच दिसेना. देवाच्या दयेनं दरी उजवीकडं होती आणि आम्ही डावीकडं गेलो. पुढचं चाक डोंगराच्या बाजूच्या नालीत उतरलं, आणि गाडी नाक खुपसून थांबली.

दोघंही धड होतो. कुठं खरचटलंही नव्हतं. खाली उतरलो तर संत्री चालली होती. डिक्कीच्या ओठावरून एकेक करून रस्त्यावर पडत होती आणि उतारानं खाली निघाली होती. ज्या वळणावर मी छाती फुगवली, ते वळण त्यांनी डोंगराच्या अंगानं, न घसरता, अगदी सफाईनं घेतलं. मी आदल्या दिवशी अंगणात जे समजावून सांगितलं, ते फक्त त्यांनाच कळलं होतं.

मग माकडं आली.

घाटातल्या माकडांना थांबलेली गाडी म्हणजे काय हे बरोबर कळतं. पहिलं डिक्कीत बसलं. दुसरं त्याला संत्री सोलून मागायला लागलं. राजू हुसकवायला धावला, आणि धावताना त्यानं दार उघडं ठेवलं. मागं वळून पाहतो तर सीटवरची मामाच्या मानाची पिशवी एका दांडग्या माकडाच्या हातात. साडी त्यानं बाजूला फेकली, ती मी झडप घालून उचलली. नारळ घेऊन एकजण झाडावर गेला. उरली कुंकवाची डबी. ती दांडग्यानं उघडली, हात घातला, वास घेतला, आणि मग कपाळ खाजवलं. मृणालला लावायचं पहिलं कुंकू त्यानं स्वतःच लावून घेतलं.

राजू हसायला लागला. मी मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. हातात साडी. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. एका मांडवाला मी हवा भरून उशीर केला होता, दुसऱ्याला हुशारी दाखवून करत होतो. शोभा आता दारात उभी असेल आणि काही बोलणार नाही, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

खालच्या वळणावरून ओळखीचा आवाज आला. दुसऱ्या गिअरचा. व्हॅन संथपणे वर आली, जागा पाहून थांबली. एका बाईनं उतरून चाकामागं दगड लावला. मग सुनंदा उतरली. तिनं गाडी पाहिली, माकडं पाहिली, मला पाहिलं.

"दोन वळनं खालीच संत्रं भेटलं मले," ती म्हणाली. "तवाच समजलं, तुमी वर हाय."

"नारळ गेला," मी म्हणालो. "कुंकूबी गेलं."

तिनं पर्समधून डबी काढली. सीटखालून दुसरा नारळ काढला. "मी सारं दोन-दोन घेते. सव्वीस वर्षं झाले तुमच्यासंगं राहून."

राजू म्हणाला, मी गाडी सोडून येत नाही, तुम्ही व्हा पुढं. त्यानं नागपूरला मेकॅनिकला फोन लावला आणि एका फांदीनं माकडांशी बोलणी सुरू केली. मी व्हॅनचं दार उघडलं. आत सहा बाया आणि त्यांच्यामध्ये हवासुद्धा नव्हती.

"कुठं बसू?"

सुनंदानं मागचं दार वर उचललं. "डिक्कीत."

"डिक्कीत?"

"तुमीच तं सांगता ना, घाटात मांगं वजन पाहिजे."

आतून सगळ्या बाया हसल्या. बेबीकाकू तर इतकी हसली, की व्हॅन हलली. मी आत शिरलो. गुडघे कानाला लागले. एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला लाडवांचा डबा, आणि मांडीवर काकूनं दह्याचं गंज ठेवलं, "धरून बस रे बाप्पा" म्हणून. उजवा पाय स्टेपनी आणि डब्यामध्ये असा अडकला, की त्याला हलायला जागाच उरली नाही. माझ्या आठवणीत तो पहिल्यांदाच गप्प बसला होता.

मी मागच्या काचेतून घाट उलटा पाहत होतो. दरेक वळण आधी माझ्या पाठीत यायचं आणि मग डोळ्यांसमोरून जायचं. सुनंदा वळणाआधी गाडी हळू करायची, मग व्हॅन स्वतःच वळल्यासारखी वळायची, आणि मांडीवरचं दही थरथरायचंसुद्धा नाही. उरलेल्या सगळ्या घाटात एक थेंब सांडला नाही. हॅन्डलिंग म्हणतात ते काय, हे मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, वीस वर्षं शिकवून झाल्यावर, डिक्कीत बसून शिकलो.

बाराला पाच कमी असताना व्हॅन शोभाच्या दाराशी थांबली. बाया भराभर उतरल्या. व्हॅनची डिक्की आतून उघडत नाही. मी गंज धरून बसून होतो. काचेतून शोभा दिसत होती. ती पुढच्या सीटकडं गेली, मधल्या सीटकडं वाकून पाहिलं. सगळ्या रिकाम्या. तिचा चेहरा उतरला. तो चेहरा पुन्हा कधी पाहायला लागू नये.

"दादा नाई आला?" तिनं विचारलं.

मी काचेवर डोकं आपटलं, कारण हात गंजाला होते. सुनंदा मागं आली आणि दार उचललं.

मी दह्यासकट बाहेर आलो. शर्टावर संत्र्याचा रस, केसांत काडी. शोभा माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदराच्या टोकानं आधी माझ्या कपाळावरचा घाम पुसला, मग स्वतःचे डोळे.

"टायमावर आला तू, दादा," ती म्हणाली. एवढंच. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी मी मृणालला कुंकू लावलं, तिच्या हातात नारळ दिला, आणि सुनंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची गरज पडली नाही.

राजू संध्याकाळी पोचला, क्रेनच्या मागं. गाडीला फारसं काही झालं नव्हतं, पण सीटमधून संत्र्याचा वास अजून जात नाही म्हणतात. तीनशे घोड्यांपैकी किती उरले, ते मी विचारलं नाही.

आता छिंदवाड्याला जायचं म्हटलं, की पुढच्या सीटवर बेबीकाकू बसते, आणि सुनंदा निघायच्या आधी मागचं दार उघडून माझी वाट पाहत उभी राहते. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे, म्हणजे जवळपास चार क्रेट भरतं. तिच्या मते मी संत्र्यांपेक्षा बरा. वाटेत सांडत तरी नाही.